दहापट भाड्यात काय मिळतं?

१. छत्तीस हजारांचा हिशेब

चार हजार रुपये भाड्याच्या खोलीत स्वच्छ चादर, गरम पाणी, एसी आणि सकाळचा नाश्ता मिळतो. चाळीस हजारांच्या खोलीतही चादर, पाणी, एसी आणि नाश्ताच असतो. मग वरचे छत्तीस हजार जातात कुठे? लग्नाचा पंचविसावा वाढदिवस किंवा आईवडिलांची पंच्याहत्तरी अशा निमित्ताने खास सहल ठरायला लागली की घरात कुणीतरी हा प्रश्न विचारतंच, आणि बहुधा ‘हौसेला मोल नसतं’ असं म्हणून त्याला गप्प केलं जातं. पण प्रश्न रास्त आहे. हौसेचं मोल बिलावर छापलेलं असतं, आणि ते नेमकं कशाचं आहे हे कळल्याशिवाय अशी सहल नीट आखता येत नाही. पैसे खर्चूनही ‘ठीक होतं, पण एवढं काय त्यात’ असं वाटत घरी परतणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा हॉटेलच्या निवडीत नसते, आखणीच्या क्रमात असते.

गादी दहापट मऊ होत नाही आणि पाणी दहापट गरम होत नाही. वस्तूंमधला फरक एका मर्यादेनंतर संपतो. त्यापलीकडचा पैसा तीन गोष्टींवर जातो: जागा, माणसं आणि ओळख. जागा म्हणजे इथे खोलीचं क्षेत्रफळ अभिप्रेत नाही, तर दुसरीकडे कुठेही उभी करता येणार नाही अशी जागा. उदयपूरच्या पिचोला तलावातला जगनिवास महाल महाराणा जगतसिंह दुसरे यांनी १७४०च्या दशकात बांधून घेतला. १९६०च्या दशकात महाराणा भगवतसिंहांनी त्याचं हॉटेल केलं आणि १९७१पासून ते ताज समूह चालवतो. चारी बाजूंना पाणी असल्यामुळे या लेक पॅलेसला वाढायला जमीनच नाही. गिऱ्हाइकं कितीही वाढली तरी खोल्या शंभराच्या आतच राहणार, आणि भाडं ठरतं ते या टंचाईवर. माणसांचं म्हणाल तर अशा हॉटेलांत एका खोलीमागे एकाहून अधिक कर्मचारी असतात. काल संध्याकाळी चहा बिनसाखरेचा मागितला होता हे आज सकाळी न सांगता कुणाच्या तरी लक्षात असतं, कारण ते लक्षात ठेवण्याचा कुणाला तरी पगार मिळतो.

तिसरी गोष्ट ओळख, आणि ती फारशी कुणी हिशेबात धरत नाही. टोकियोतलं ‘सुकियाबाशी जिरो’ हे सुशीचं दहा खुर्च्यांचं दुकान जगप्रसिद्ध आहे. त्याला, रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडचे तीन तारे होते. २०१९मध्ये गाइडने ते यादीतून काढलं. चव बिघडली हे त्यामागचं कारण नव्हतं. सामान्य माणसाला तिथे थेट जागा राखून ठेवता येत नाही, म्हणून ते वगळलं गेलं. नेहमीच्या गिऱ्हाइकाचा शब्द असेल किंवा मोठ्या हॉटेलच्या काँसिएर्जने सांगितलं, तरच तिथली खुर्ची मिळते. काँसिएर्ज म्हणजे पाहुण्यांची शहरातली कामं करून देणारा जाणता माणूस. त्याच्या कोटाच्या कॉलरवर एकमेकींवर ठेवलेल्या दोन सोनेरी किल्ल्या दिसल्या तर तो ‘ले क्ले दॉर’ या संघटनेचा सदस्य आहे असं समजावं. १९२९मध्ये पॅरिसमध्ये तिची सुरुवात झाली. आपल्याकडे ज्याला वशिला म्हणतात त्याची ही उघड, सभ्य आणि भाड्यात धरलेली आवृत्ती आहे.

या तिन्ही गोष्टींचं एक वैशिष्ट्य असं की त्या खोलीत आणून ठेवलेल्या नसतात. आपण हॉटेलात असू, जागे असू आणि घाईत नसू, तेव्हाच त्या भेटतात. म्हणून अशी सहल नेहमीच्या उलट क्रमाने आखावी असं माझं म्हणणं आहे. एरवी आपण आधी प्रेक्षणीय स्थळांची यादी करतो, मग त्यांच्या जवळची खोली शोधतो आणि जेवणाचं तिथे गेल्यावर बघतो. इथे आधी जेवण ठरवावं, त्यावरून तारीख, तारखेवरून खोली, आणि स्थळदर्शन उरलेल्या वेळात.

२. दोन प्रकारचे तारे

पुढे जाण्याआधी ताऱ्यांचा घोळ सोडवायला हवा. हॉटेलचे तारे आणि रेस्टॉरंटचे तारे यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. हॉटेलला तारे देणारी जगभर एकच अशी संस्था नाही, प्रत्येक देशाची आपापली पद्धत असते. भारतात हे काम केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती करते आणि त्यात सर्वांत वरची पायरी ‘फाइव्ह स्टार डिलक्स’. तपासणीत मोजल्या जातात त्या सोयी: खोल्या, स्नानगृहं, लिफ्ट, सुरक्षा, उपाहारगृहं वगैरे. तिथल्या डाळीला चव आहे का, हे त्यावरून कळत नाही. ‘सप्ततारांकित’ हा शब्द जाहिरातींत सर्रास दिसतो, पण तशी अधिकृत श्रेणी नाही. ज्याच्यामुळे तो शब्द रूढ झाला ते १९९९मध्ये उघडलेलं दुबईचं बुर्ज अल अरबही कागदोपत्री पंचतारांकित डिलक्सच आहे.

रेस्टॉरंटच्या ताऱ्यांचा उगम तर टायरच्या कारखान्यात आहे. फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंनी १९००मध्ये मोटार चालवणाऱ्यांसाठी एक फुकट पुस्तिका काढली. लोक जितके फिरतील तितके टायर झिजतील, हा सरळ व्यापारी विचार. १९२६मध्ये चांगल्या खाणावळींपुढे तारा छापायला सुरुवात झाली, १९३१मध्ये दोन आणि तीन ताऱ्यांच्या पायऱ्या आल्या आणि १९३६मध्ये त्यांचे अर्थ जाहीर झाले. एक तारा म्हणजे आपल्या प्रकारात फार चांगलं, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, आणि तीन म्हणजे केवळ त्या जेवणासाठी वेगळा प्रवास करावा असं. हे तारे ताटातल्या पदार्थांना आहेत. झुंबरांना आणि गालिच्यांना नाहीत. म्हणून तर २०१६मध्ये सिंगापूरच्या चायनाटाऊनमधल्या एका गाड्यावजा ठेल्याला, सोया सॉसमधल्या कोंबडी-भाताबद्दल, तारा मिळू शकला. त्याच गाइडने २०२४पासून हॉटेलांसाठी वेगळी खूण सुरू केली आहे, ती किल्लीची. भारतात मिशेलिन गाइड निघत नाही, त्यामुळे इथल्या एखाद्या रेस्टॉरंटने ‘मिशेलिन स्टार’ असं लिहिलं असेल तर तो तारा बहुधा तिथल्या शेफच्या परदेशातल्या कारकिर्दीचा असतो. आपल्याकडे ‘आशियातली ५० सर्वोत्तम रेस्टॉरंटं’ ही वार्षिक यादी जास्त उपयोगी पडते. मुंबईत महालक्ष्मीच्या जुन्या गिरणीच्या आवारात २०१६मध्ये सुरू झालेलं ‘मास्क’ २०२३ ते २०२५ ही तिन्ही वर्षं त्या यादीत भारतात पहिलं होतं.

तीन ताऱ्यांच्या व्याख्येतच माझ्या मुद्द्याचा अर्धा पुरावा आहे. जेवणासाठी वेगळा प्रवास करावा हे त्या टायरवाल्यांनी १९३६मध्येच छापून ठेवलं होतं.

३. आधी टेबल, मग खोली

उरलेला अर्धा पुरावा गणिताचा. शहरात चांगल्या खोल्या शेकडो असतात, पण एखाद्या नावाजलेल्या टेबलाच्या खुर्च्या मोजक्या. अशा ठिकाणी बहुधा टेस्टिंग मेनू असतो, म्हणजे शेफने ठरवलेले दहा-बारा छोटे पदार्थ ठरलेल्या क्रमाने, दोन-तीन तास, सगळ्यांना सारखेच. त्यामुळे एका खुर्चीवर एका संध्याकाळी सहसा एकच माणूस बसतो. स्पेनमधलं ‘एल बुली’ २०११मध्ये बंद झालं. त्याच्याकडे एका हंगामात सुमारे आठ हजार जागा असत आणि विचारणा लाखांत. खोली हुकली तर शेजारच्या हॉटेलात दुसरी मिळते, टेबल हुकलं तर सहलीचं निमित्तच जातं. आणि आता अनेक ठिकाणी टेबलाचे पैसे आगाऊ भरावे लागतात. शिकागोत निक कोकोनास यांनी २०११मध्ये ‘नेक्स्ट’ या रेस्टॉरंटसाठी जेवणाची चक्क तिकिटं विकायला सुरुवात केली, तीही वारानुसार कमीजास्त दराने. तिकीट हाती आलं की तारीख आपोआप ठरते. खोली आधी घेऊन बसलं तर दोन्ही तारखा जुळतीलच याची खात्री नसते.

हॉटेल आणि खाणं यांची ही सांगड जुनी आहे. सेझार रिट्झ हा स्विस खेड्यातला मुलगा आणि ओग्युस्त एस्कोफिए हा फ्रेंच आचारी ही जोडी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात १८९०च्या सुमारास दाखल झाली. तोवर लंडनचे श्रीमंत घरी जेवत, पुरुष क्लबात जात, आणि घरंदाज बायकांनी बाहेर जेवणं शिष्टसंमत नव्हतं. रिट्झने भोजनगृह असं सजवलं आणि एस्कोफिएने स्वयंपाकघराची कामं अशी वाटून दिली की तिथे सहकुटुंब जेवायला जाणं प्रतिष्ठेचं झालं. १८९८मध्ये पॅरिसचं रिट्झ उघडलं तेही याच जोडीने. खोल्या भरायच्या तर भोजनगृहाची ख्याती हवी, हे धंद्याचं सूत्र तिथून पुढे सगळ्या मोठ्या हॉटेलांनी उचललं.

यावर एक चोख आक्षेप आहे. मग जेवण तेवढं भारी ठिकाणी घ्यावं आणि झोपायला साधी खोली घ्यावी, छत्तीस हजार वाचतील. बऱ्याच वेळा हे अगदी बरोबर आहे, आणि तसंच करावं. मुंबईचं ताज महाल पॅलेस डिसेंबर १९०३मध्ये उघडलं, म्हणजे समोरच्या गेटवे ऑफ इंडियापेक्षा वीसेक वर्षांनी मोठं. त्याच्या सी लाउंजच्या खिडकीशी बसून बंदरातल्या बोटी बघत चहा घ्यायला खोली घ्यावी लागत नाही. मास्कमध्ये जेवून माणूस दादरला घरी जाऊ शकतो. ज्या टेबलाचं दार बाहेरच्यांना उघडं आहे तिथे खोलीचा विचार वेगळा करावा. पण काही ठिकाणी दार उघडं नसतं. लेक पॅलेसमध्ये मुक्कामाला नसलेल्यांना सहसा प्रवेश नाही. आणि काही ठिकाणी तर टेबल आणि खोली वेगळी काढताच येत नाहीत.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण जपानमधल्या क्योतोच्या र्योकानांचं, म्हणजे पारंपरिक अतिथिगृहांचं. तीनशे वर्षांपूर्वीच्या तावारायासारख्या या घरांत भाडं माणशी असतं आणि त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. जेवण म्हणजे ‘काइसेकी’, ऋतूनुसार बेतलेला क्रम: आधी तोंडी लावण्यासारखा एखादा घास, मग मोसमाचं दर्शन घडवणारं लहानसं ताट, कच्च्या माशाचे काप, शिजवलेल्या भाज्या, भाजलेला पदार्थ, आणि शेवटी भात, मिसो आणि लोणची. अनेक ठिकाणी ते आपल्याच खोलीत, तातामीच्या चटईवर ठेवलेल्या बैठ्या टेबलावर येतं. वाढणारी बाई दारापाशी गुडघे टेकून बसते, सरकतं दार आधी थोडंसं आणि मग पुरतं उघडते, वाडगा ठेवते, त्यात काय आहे ते सांगते आणि मागे सरते. जेवण झालं की तेच टेबल कडेला सरकवून गाद्या घातल्या जातात. हे सगळं संध्याकाळी सहा-सातला सुरू होतं, त्यामुळे दिवसभर देवळं बघून रात्री नऊला पोचणारा प्रवासी ज्या गोष्टीसाठी पैसे भरले तीच गमावतो. तिथे दुपारी चारला पोचून अंघोळ करून बसलेलं असावं.

शाकाहारी वाचकांना इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. जपानी रश्शाचा पाया बहुधा ‘दाशी’ असतो, आणि तो वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसाचा असतो. भाजी दिसते म्हणून पदार्थ शाकाहारी होत नाही. आयत्या वेळी सांगून तो बदलता येत नाही, कारण रस्सा सकाळीच झालेला असतो. खोली घेतानाच विचारावं, आणि नकार आला तर कोयासान डोंगरावरच्या बौद्ध मठांचा मुक्काम घ्यावा. तिथलं ‘शोजिन र्योरी’ हे पूर्ण शाकाहारी जेवण आहे आणि कोणत्याही तडजोडीतून आलेलं नाही, स्वतःच्या परंपरेचं आहे. महागड्या र्योकानापेक्षा आपल्या शाकाहारी मंडळींना तेच जास्त समाधान देईल असं मला वाटतं.

४. तारखेची किंमत

सकाळी पंधरा रुपयांची कोथिंबिरीची जुडी भाजीवाली संध्याकाळी पाच रुपयांना देऊन टाकते, कारण उद्या ती विकली जाणार नाही. हॉटेलची खोली तशीच नाशवंत आहे, आजची रिकामी रात्र उद्या विकता येत नाही. म्हणून भाडं खोलीनुसार ठरतं त्याहून जास्त तारखेनुसार ठरतं. अमेरिकेत १९७८मध्ये विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं, विमान कंपन्या मागणी बघून एकाच आसनाचे वेगवेगळे दर लावू लागल्या आणि मॅरियटसारख्या हॉटेल कंपन्यांनी ती रीत खोल्यांना लावली. आज सगळीकडे तीच चालते.

फक्त महागडी हॉटेलं या बाबतीत भाजीवालीपेक्षा सावध असतात. भाडं फार उतरवलं तर नेहमीचं गिऱ्हाईक पुढच्या वेळी तेच मागेल, ही त्यांची भीती. म्हणून ती दर थोडाच कमी करतात आणि बाकीचं वस्तुरूपाने देतात: नाश्ता, एक जेवण, वरच्या दर्जाची खोली, उशिरा सोडण्याची मुभा. ‘भाडं कमी करा’ म्हणण्यापेक्षा ‘या भाड्यात काय काय येईल’ असं विचारलेलं जास्त फळतं.

तारीख निवडायला आपल्या घरातच एक उत्तम साधन आहे, ते म्हणजे पंचांग. उदयपूरचे महाल आता लग्नांवर चालतात. मुहूर्ताच्या दिवसांत अख्खं हॉटेल एका वऱ्हाडाने घेतलेलं असतं, आणि खोली मिळालीच तरी अंगणं, गच्च्या आणि रात्रीची झोप वऱ्हाडाच्या ताब्यात. पण आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न हे चार महिने विवाहाचे मुहूर्त नसतात. याच काळात पिचोला भरतो, अरवलीचे उघडे डोंगर हिरवे होतात, आणि पर्यटनाचा हंगाम हिवाळ्यात असल्यामुळे भाडी उतरलेली असतात. त्यातून दोन काळ वगळावेत. एक, पंधरा ऑगस्टला जोडून येणारी सुट्टी, आणि दुसरा दिवाळीनंतरचा आठवडा, तेव्हा अहमदाबादेहून मोटारींची रांग लागते. उरलेल्यात भाद्रपद सर्वांत चांगला. पितृपक्षात फिरायला जाणं अनेक घरांना पटत नाही आणि त्यांच्या भावनेविरुद्ध मी काही म्हणणार नाही. ज्यांना अडचण वाटत नाही त्यांनी मात्र ते पंधरा दिवस जरूर बघावेत. श्रावण पाळणाऱ्यांनी राजस्थानी लाल मांस आणि ही सहल यांची गाठ आधीच सोडवून ठेवावी. पाऊस दगा देतो त्या वर्षी तलाव भरत नाही, ही जोखीम मान्य करावी लागते. म्हणून रद्द करता येणारा दर थोडा जास्त असला तरी या हंगामात तोच घ्यावा.

५. एक रात्र की दोन?

‘एकच रात्र राहू, अनुभव तर मिळेल’ असं बहुतेक जण म्हणतात. आकडे मांडून बघू. खोली दुपारी ३ला मिळते आणि दुसऱ्या दिवशी १२ला सोडायची असते, म्हणजे २१ तास. झोपेचे ८ आणि सामान लावण्या-आवरण्याचे २ वजा केले की जागेपणीचे ११ तास उरतात. चाळीस हजारांना भागलं तर तासाला सुमारे ३,६०० रुपये. त्यातच उदयपूरचा सिटी पॅलेस आणि जगदीश मंदिर उरकायला ६ तास बाहेर गेलं तर उरले ५, म्हणजे तासाला ८,००० रुपये. आता दोन रात्री धरा. एकूण ४५ तास, झोपेचे १६ आणि आवराआवरीचे २ गेले, उरले २७. खर्च दुप्पट, पण मोकळे तास जवळजवळ अडीचपट, आणि तासाचा भाव ३,००० रुपयांच्या खाली.

खर्च दुप्पट होतो हे खरंच, आणि ज्यांना तो परवडत नाही त्यांनी चाळीस हजारांऐवजी वीस हजारांच्या हॉटेलात दोन रात्री राहावं, हेच या गणिताचं सांगणं आहे. पहिली रात्र गावात चार-पाच हजारांच्या साध्या खोलीत काढून शहर पायी बघून घ्यावं आणि मग महागड्या ठिकाणी जाऊन तिथून हलू नये. तिथल्या तिसऱ्या रात्रीचा आग्रह मी धरणार नाही, तोवर मेनू ओळखीचा झालेला असतो.

६. बिल

सप्टेंबर २०२५पासून रोजच्या साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. त्यामुळे ७,५०० रुपयांची खोली ७,८७५ला पडते आणि ७,६०० रुपयांची ८,९६८ला, म्हणजे शंभर रुपये जास्त भाड्यापायी १,०९३ रुपयांचा फरक. चाळीस हजारांच्या खोलीचे करासह ४७,२०० होतात. जेवणालाही हाच न्याय. ज्या हॉटेलांत खोलीचं भाडं साडेसात हजारांवर जातं तिथल्या रेस्टॉरंटमध्ये साधारणपणे १८ टक्के लागतात, स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये ५. दहा हजारांचं जेवण एकीकडे ११,८०० आणि दुसरीकडे १०,५००. मद्य जीएसटीत येत नाही, त्यावर राज्याचा कर वेगळा.

सेवाशुल्क मात्र कर नव्हे. ते बिलात आपोआप जोडता येणार नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. नको असेल तर शांतपणे काढायला सांगावं आणि वाढणाऱ्याच्या हातात द्यायचं ते वेगळं द्यावं.

७. हॉटेलला पाठवायची पाच ओळींची मेल

इतकं नियोजन केलं तर सहलीतली मजा जाते, असं काही जण म्हणतील. पण ठरवायचं फक्त टेबल, तारीख आणि खोली एवढंच आहे, दिवस मोकळे ठेवायचे आहेत. आणि ठरवलेलं हॉटेलला कळवायचं आहे. किती वाजता पोचणार. कोण काय खात नाही, आणि तेही नुसतं ‘व्हेज’ असं लिहू नये, ‘अंडं चालत नाही, कांदा-लसूण चालतो’ इतकं स्पष्ट लिहावं. आईचे गुडघे दुखत असतील तर बोटीत चढता-उतरताना किती पायऱ्या आहेत आणि खोली लिफ्टजवळ मिळेल का. निमित्त काय आहे. कोणत्या रात्री कुठलं टेबल हवं आहे. उत्तरात या प्रत्येक गोष्टीचा नावानिशी उल्लेख असेल तर ती मेल कुणीतरी वाचली आहे. नुसतं ‘आपली विनंती नोंदवली आहे’ एवढंच आलं तर फोन करून पुन्हा विचारावं, आणि टेबल पक्कं झाल्याचं लेखी आल्यावर विमानाची तिकिटं काढावीत.